कुमुदबाईंचा पियानो

प्रिय बाबा,

काल पेणहून कुमुदबाई आपल्याकडे दुरुस्तीला दिलेला त्यांच्या आईचा पियानो बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी तुमच्या नावावर खोटं बोलले. घरात कुणाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

रोह्याच्या या पडवीत तुम्ही किती मोडके पियानो उभे केलेत! आणि दर वेळी तेच बजावायचात, "किती वर्षं सैल पडलाय तो. एका दिवसात ताणू नको गो. थोडा ओढ, आठ दिवस सोड, परत ओढ." मी वैतागायचे, तर हसायचात.

घाई शेवटी मलाच झाली, बाबा. तुम्ही पनवेलला हॉस्पिटलात होतात. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवस. हा पियानो तुम्हाला एकदा ऐकवायचाच, असं मी डोक्यात घेतलं. सकाळी तारा ताणायची किल्ली हातात घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तारा सुरापर्यंत ओढत नेल्या. मग धाडकन आवाज झाला. तारांचा ताण पेलणारी आतली बिडाची चौकट आडवी तडकली. बीड गेलं की गेलं, ते वेल्डिंगला दाद देत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?

तरी मी फोन लावला. वरच्या चार पट्ट्या वाजवल्या. त्याही सुरातून उतरल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "घाई नाय ना केलीस?" मी म्हटलं, "नाय, बाबा." तुम्ही म्हणालात, "बरा हाय." केसभर बेसूर न खपवणारे तुम्ही! तुमचे कान गेले होते, की सगळं कळलं होतं? जाण्याआधी एकदा रागवायचं तरी होतंत हो!

काल बाईंनी तडा पाहिला. "हे कसं झालं गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांच्या हातून." त्या म्हणाल्या, "आजारी होते बिचारे. हात चुकला असेल." आणि मी चक्क मान डोलावली.

लाज वाटते मला माझी. तुमच्या हातून उभ्या आयुष्यात एक चौकट गेली नाही. तुम्हाला खोटं सांगितलं, ते तुम्ही पोटात घातलं असेल. पण तुमच्यावर ढकललं, ते कसं घालाल?

रविवारी पेणला जाते. बाईंनी आत बोलावण्याआधी, दारातच सांगेन की चौकट मी फोडली. मग त्या आत घेवोत न घेवोत. आपल्या पडवीत पुन्हा कुणी पियानो आणला नाही तरी चालेल. तुम्ही घाई नको म्हणाला होतात, हेही सांगेन.

तुमचं न ऐकलेली,
सुमन