एक पुस्तक, दोन कार्डं

प्रिय महादेवी,

काल ग्रंथालयाच्या काउंटरवर काकांनी विचारलं, "ती दुसरी कुटं हाय? दे की तिचं कार्ड, चढवतो पुस्तक." त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुस्तक तिथंच ठेवून बाहेर पडले आणि दिवसभर मनात तुझ्याशीच बोलत राहिले. म्हणून हे पत्र.

आठवते ना आपली युक्ती? समाजशास्त्राच्या त्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाची विद्यापीठात एकच प्रत. एकाच कार्डावर ते लागोपाठ दोनदा मिळत नाही, मध्ये एक रात्र कपाटात ठेवावंच लागतं. मग मुदत संपली की मी परत करायचं आणि तू तिथंच तुझ्या नावावर घ्यायचं. पुढच्या खेपेला उलट. पुस्तक कपाटात म्हणून गेलंच नाही!

आणि वाचायची तऱ्हा! ग्रंथालयामागच्या लिंबाखाली बसून तू मोठ्यानं इंग्रजी वाचायचीस, मी शब्दकोश धुंडाळून मराठीत अर्थ लावायची. इंग्रजी दोघींचंही कच्चं. पण कानडी मुलखालगतच्या मंद्रूपची तू, तुला कसली लाज! मी वाचायला कचरले की म्हणायचीस, "चुकलं तर चुकलं. ते सायेब कुटं हितं ऐकाय आल्यात?" अर्थ लागला नाही की पुस्तकालाच कानडीत चार शिव्या!

वर्गातली पोरं म्हणायची, मोबाइलवर असतंय की सगळं. असेल. पण मोबाइलमध्ये दोघींना डोकं घालून बसता येतं का गं?

रागही येतो तुझा. ताप अंगावर काढलास. "दिवाळी करून येते की, मग ऱ्हायलेली दोन प्रकरणं उडवू," म्हणालीस आणि गावी गेलीस ती त्या तापात गेलीसच. एक फोन तरी करायचास! होस्टेलच्या खोलीतली तुझी कॉट अजून रिकामीच आहे. मी तिच्यावर साधी ओढणीही टाकत नाही.

आज सकाळी ग्रंथालयाचं दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. दुसऱ्या कुणी नेलं तर? धावतच कपाट गाठलं. पुस्तक जागच्या जागी. शेजारची इंग्रजी पुस्तकंही कुणी हलवलेली दिसेनात. महादेवी, आपण ते कुणापासून राखत होतो गं? कुणालाच नको होतं ते. आपल्या दोघींनाच हवं होतं.

या वेळी काकांना सांगितलं. त्यांनी हळूच पुस्तकावर शिक्का मारला. मग म्हणाले, "लई मोठ्यानं वाचायची की ती. आतपातुर ऐकू यायचं."

लिंबाखाली जाऊन बसले. एक पान तीनतीनदा डोळ्यांखालून घातलं, काही डोक्यात शिरेना. तुझ्या आवाजाशिवाय मला इंग्रजी कळतच नाही. परीक्षा तर तोंडावर आली आहे. काय करू सांग ना!

शब्द देते तुला, उद्यापासून ती दोन प्रकरणं मीच मोठ्यानं वाचीन. उच्चार चुकतील. येणारे जाणारे हसतील, हसू देत. चुकल्यावर तू हसणार नाहीस, मला भीती वाटते ती त्याची.

तुझी,
अर्थ लावणारी सुवर्णा