गैरहजर सभासदाचा वाटा

तलावाची पाळ, तालुका पोंभुर्णा
९ एप्रिल १९९९

आदरणीय बापूजी भाऊजी यांस हेमराजचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे उन्हासकट ठीक आहोत, तुम्ही आणि रीताताई तिकडे तसेच असाल. तुमचा गुडघा कसा आहे? ताईच्या मागच्या पत्रात होतं, की यंदा तुमचा कूलर पूर्वी कधी दिला नाही असा वारा देतो. वाचून बरं वाटलं. (किती बरं वाटलं ते पुढे येईलच.)

आता आपल्या विज्ञान व अभियांत्रिकी संस्थेबद्दल. तुम्ही अध्यक्ष आहात, त्यामुळे कधीतरी हे तुम्हाला कळवावं असं मी जानेवारीपासून म्हणतो आहे. उन्हावर मच्छी वाळवायच्या यंत्राला अनुदान मिळालं, हे तुम्हाला माहीत आहे. अर्जावर सही तुमचीच होती. पहिल्या हप्त्यात यंत्र, दुसऱ्या हप्त्यात शेड आणि कुंताबाईंच्या गटातल्या चौदा बायकांना भांडवल, असं ठरलं होतं. एप्रिलात तलाव आटला की सगळी मच्छी एकदम निघते, संध्याकाळपर्यंत नासते, म्हणून व्यापारी मागेल त्या भावात द्यावी लागते. वाळवली तर तीच अहेरीच्या बाजारात चौपट जाते. कुंताबाई तीन वर्षं याच एका गोष्टीसाठी आपल्या सभांना येतात. बाकीचे आपण चहासाठी येतो.

तर यंत्र जानेवारीत आलं, पण सुट्या भागांत. ठेवायचं कुठे? संस्थेला कार्यालय नाही. घटनेत आहे, पण ती घटना तुम्ही तुमच्या नागपूरच्या गृहनिर्माण सोसायटीची उतरवून घेतलेली. (कलम अकराप्रमाणे जिन्यात सायकल ठेवायला मनाई आहे. आपल्याकडे जिना नाही, तरी हे कलम आजवर कोणी मोडलेलं नाही.) सभा तलावाच्या पाळीवर भरली, कारण त्या दिवशी जाळं टाकलं होतं आणि कोणी दुसरीकडे यायला तयार नव्हतं. मी कलम चौदा वाचून दाखवलं: सामाईक वस्तूंची जबाबदारी सर्व सभासदांवर सारखी राहील. आपले कोषाध्यक्ष सोमाजीभाऊ चाळीस वर्षं तलावाच्या मच्छीचे वाटे करतात. ते म्हणाले, "मंग त सोपं हाय. वाटे करून टाकू."

आणि केले. तागडीवर तोलून सहा सभासदांचे सहा ढीग. रीतीप्रमाणे झिंगूला पाठमोरा उभा केला. सोमाजीभाऊ ढिगाला हात लावून विचारायचे, "हा कोनाचा?" आणि झिंगू न बघता नाव घ्यायचा. इतका निःपक्ष कारभार मी कोणत्याही संस्थेत पाहिला नाही, आणि इतिवृत्तात तसं लिहिलंही आहे. एकट्या कुंताबाई बिथरल्या. त्यांच्या वाट्याला चार चाकं आणि बोल्ट आले. म्हणाल्या, "भाऊ, मले मच्छी वाळवाची हाय. चाकं घेऊन का करू, जत्रेत जाऊ?" ठराव पाच विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. (पाचवं मत तुमचं. तुम्ही नेहमी हो म्हणता म्हणून धरलं.)

त्यानंतर चंद्रपूरचे हिशेबतपासनीस आले आणि यंत्र कुठे आहे विचारू लागले. मी खरं ते सांगितलं, सभासदांकडे. त्यांनी लिहून घेतलं: 'संस्थेची मालमत्ता विश्वस्तांनी आपसांत वाटून घेतली.' वाक्य चुकीचं नाही, पण वाचायला बरं वाटत नाही. आता अनुदान देणाऱ्या खात्याचे साहेब १९ तारखेला, सोमवारी पाहणीला येतात. यंत्र चालू दिसलं नाही, तर दुसरा हप्ता बंद आणि पहिला आपल्याकडून वसूल. आणि कुंताबाईंची यंदाचीही मच्छी व्यापाऱ्याच्या टोपलीत. याची मला खरोखर लाज वाटते, भाऊजी.

म्हणून मी वाटे परत गोळा करतो आहे. काच झिंगूनं घराच्या खिडकीला बसवली होती. गावातली ती पहिली काचेची खिडकी. त्याची बायको सोनीबाई रोज पुसते. ती काढताना रडली, आणि पाहणी झाल्यावर यंत्रातली काच पुसायला येऊ द्यायचं मी कबूल केलं. सोमाजीभाऊंच्या जाळीच्या ट्रेवर मोहफुलं वाळत होती. 'यंत्राची चाचणी सुरू आहे,' असं त्यांनी मला अधिकृतपणे कळवलं. अमरच्या वाट्याला काळी पेटी आणि थर्मामीटर. पेटीत कोंबड्या बसतात आणि थर्मामीटरनं तो गावाचा ताप बघतो. आपल्याला ताप शंभराच्या पुढे माहीत. हा चाळीसच्या वर जात नाही, त्यामुळे फेब्रुवारीपासून गावात कोणी आजारी नाही. माझ्याकडे सांगाडा आणि इंग्रजी माहितीपुस्तिका आहे. सांगाड्यावर आमचे कपडे वाळतात, म्हणजे यंत्राचा मूळ हेतू सोमाजीभाऊंखेरीज फक्त मीच पाळला. पुस्तिकेला मी हातही लावलेला नाही.

रविवारी जमले तेवढे भाग जोडून पाहिले. मच्छी वाळली नाही, शिजली. चवीला बरी होती. आता फार लांबवत नाही. ताईला नमस्कार.

आपला,
हेमराज (सचिव)

ता. क. गैरहजर माणसाचा वाटा घरपोच करायचा, ही तलावाची रीत तुम्हाला माहीत आहेच. तुमचा वाटा जानेवारीतच एसटीनं पाठवला होता, सोबत चिठ्ठीही होती. 'भेट पोचली, फार उपयोगी आहे,' असं तुमचं उत्तर आलं, त्यावरून चिठ्ठी मिळाली नसावी. त्या वाट्यात मोटारीसकट पंखा होता. कृपा करून तो कूलरमधून काढून १७ तारखेपर्यंत पाठवावा.

दुसरा ता. क. (१३ एप्रिल) वरील मजकूर लिहून चार दिवस झाले, पेटीत टाकायचा राहिला. तेवढ्यात कुंताबाईंनी एसटीडीवरून ताईला फोन केला. दोन मिनिटं, साडेअकरा रुपये, किरकोळ खर्चात टाकले. काल तुम्ही सकाळी फिरायला गेलात तेव्हा ताईनं पंखा काढून एसटीत दिला. संध्याकाळी तो इथे बसला आणि आज यंत्र चालतं आहे. कुंताबाईंनी पहिल्या वाळलेल्या मच्छीतली थोडी काढून सहा वाटे केले. कोणाला पाठमोरं उभं केलं नाही, स्वतःच दिले. तुमचा सोबत आहे. म्हणाल्या, "बापूजीले सांगा, गैरहजर मानसाचा हिस्सा आमी ठेवतो." पत्र मात्र वाया जाऊ नये म्हणून पाठवतो.

तिसरा ता. क. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका. कूलर ठीक आहे, फक्त आत पंखा नाही.