अलाबला घेणारी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची मिरजगावात. टेम्पोवाल्याने शेगडी गादीवर आणि गादी मातीत ठेवून आमचं स्वागत केलं, पण आज कशावरही चिडायचं नाही असं मी ठरवूनच आले होते. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. गॅलरीतून हायवे दिसतो. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि मागच्या ट्रॉल्या संपता संपत नाहीत. संस्कृतीने गाव पास केलंय, कारण खालच्या टपरीवर बॉबी मिळते. पहिलीतल्या मुलीला गावाकडून आणखी काय हवं असतं?

डॉ. आदिनाथ चेहऱ्याचे आणि जबड्याचे सर्जन. दिवेलागणीला मोटारसायकली बिनदिव्याच्या ट्रॉल्यांवर जाऊन आदळतात. त्या माणसांचे मोडलेले गाल आणि जबडे सर जागेवर बसवतात. मी दातांची डॉक्टर. पूर्वी ऑपरेशन झालेल्यांच्या तक्रारी ऐकायच्या, तपासायचं आणि सल्ला द्यायचा, हे माझं काम. सर म्हणाले, कापायला मी आहे सुकन्या, तुम्ही फक्त ऐकून घ्या. मला बोलायला लावलं असतं तर जास्त सोपं गेलं असतं.

घटस्फोटानंतरचं हे पहिलं घर, फक्त आम्हा दोघींचं. संस्कृतीने दारावर खडूने दोघींची नावं लिहिली, माझं थोडं चुकीचं. मी आज फार खूश आहे.

७ नोव्हेंबर

आज बिभीषण नावाचा पेशंट आला. डावा गाल तुळतुळीत आणि उजव्या गालावर दाढीचं रान. मला हसू आवरेना. कारण ऐकल्यावर मात्र हसू गेलं. उजव्या जबड्यात सरांनी धातूची पट्टी बसवलीय, त्याला काही वर्षं झाली. आता त्या बाजूला वस्तरा टेकला की गालात वीज कडाडते म्हणे. एक्स-रे पाहिला. हाड मस्त जुळलंय.

त्याच्यामागून मोनिका आली. लग्नाआधी स्कूटीवरून पडून तिच्या गालाचं हाड मोडलं होतं. आता घास तोंडात घातला की तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळतं. सासरच्यांना वाटतं, ही जेवताना रडते. “सासू म्हनती, आमच्या घरचं आन्न ग्वाड लागत न्हाई का तुला,” असं सांगताना ती खाली बघत होती.

दोघांना एकच सल्ला दिला. नस हळूहळू जागी होते, सहा महिने धीर धरा, ताण घेऊ नका. इतक्या गोड आवाजात सांगितलं की माझं मलाच कौतुक वाटलं. एकच गोष्ट खटकली. दोघंही ऑपरेशननंतर ठणठणीत होते आणि दोघांचाही त्रास यंदाच्या चैत्रात सुरू झालाय.

१३ नोव्हेंबर

चांगुणाबाईंच्या जबड्यातली गाठ सरांनी फार पूर्वी काढली होती. बोलता बोलता त्या सारखा ओठ पुसतात. “कोळ्याचं जाळं चिकटल्यावानी हुतं बघा. पुसलं तरी जात न्हाई.” मी भिंग लावून पाहिलं. ओठावर काहीही नव्हतं.

कधीपासून, असं विचारलं तर पुन्हा चैत्रच. कारणही त्यांनी लगेच सांगितलं. “रंगुबाई गेली आन् दुखनं माघारी आलं.”

रंगुबाई म्हणजे या दवाखान्यातली आया. ऑपरेशन झालेला माणूस बाहेर आणला की ती त्याच्या दोन्ही गालांवरून तळवे उतरवायची, ती बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडायची आणि म्हणायची, “तुजी पिडा माज्यावर.” अलाबला घ्यायची. यात नवल काही नाही, आमच्या अकोल्याकडेही प्रत्येक घरात हे चालतं. मी मॅट्रिकला पास झाले तेव्हा अख्ख्या गल्लीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली होती. पण रंगुबाईने एकही पेशंट सोडला नाही, आणि दर वेळी अगदी मनापासून. यंदाच्या चैत्रात ती वारली.

सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, लोकांना तिची आठवण येते, दुसरं काय?

२० नोव्हेंबर

आज मोनिका दोन्ही डोळ्यांनी रडली. सासरचे तिला कायमची माहेरी धाडायच्या गोष्टी करताहेत. द्यायला माझ्याकडे एकही औषध उरलं नव्हतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उठले, तिच्या गालांवरून हात उतरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. कोपऱ्यात चित्र काढत बसलेली संस्कृती खुदकन हसली. मीही हसतच म्हटलं, तुझी पीडा माझ्यावर. शब्द तेवढे रंगुबाईचे होते, माया मात्र माझी होती. मोनिका पोर खरोखरच गुणी आहे.

संध्याकाळी तिचा फोन आला. दोन भाकरी खाल्ल्या आणि डोळ्यातून टिपूससुद्धा आलं नाही!

हा स्पर्शाचा, विश्वासाचा परिणाम. मन शांत झालं की नसही शांत होते. सरांनाही ते पटलं. अपाय तर नाही ना, मग करत जा, असं म्हणाले.

२९ नोव्हेंबर

बिभीषण दोन्ही गाल गुळगुळीत करून पेढे घेऊन आला. चांगुणाबाईंचा हात आता मांडीवर गप्प पडलेला असतो. बाजाराच्या दिवशी तर जिन्यापर्यंत रांग लागली होती. एवढी वर्षं घासून डॉक्टर झाले आणि माझं नाव झालं ते बोटं मोडण्यात! आईला कळलं तर ती फी परत मागेल. पण खरं सांगायचं तर मला हे आवडतंय. रडत आलेला माणूस हसत जिना उतरतो, तेव्हा मला कुणीतरी झाल्यासारखं वाटतं.

संस्कृतीही हल्ली बाहुलीची अलाबला घेते. आज तिने विचारलं, लोकांचं दुखणं जातं कुठे? मी म्हटलं, वाऱ्यावर. तर ती म्हणाली, पण तू तर ‘माझ्यावर’ म्हणतेस. कार्टीचं सगळीकडे लक्ष असतं.

९ डिसेंबर

जेवताना डाव्या डोळ्याला पाणी आलं. ठेचा झणझणीत होता, असेल त्याने.

रात्री दूधभात खाल्ला. तरी आलं. सर्दी झाली असावी.

१५ डिसेंबर

सकाळी तोंड पुसताना उजव्या गालावर टॉवेल लागला आणि आतून वीज गेली. जबड्यापासून डोळ्यापर्यंत. मी अशी ओरडले की संस्कृतीच्या हातून दूध सांडलं. दुसऱ्यांदा हात लावून पाहायची छाती झाली नाही.

हे मी ऐकलेलं आहे. अगदी याच शब्दांत, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बिभीषणने सांगितलं होतं.

संस्कृतीला म्हटलं, दाढ दुखतेय. ती म्हणाली, दातांच्या डॉक्टरची दाढ कशी दुखेल?

१९ डिसेंबर

नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आले. आता कागदांवर अहिल्यानगर लिहितात, माझ्या तोंडी मात्र नगरच येतं. सगळे स्कॅन झाले. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, नसेचं आहे मॅडम, सहा महिने धीर धरा, ताण घेऊ नका. आवाज अगदी गोड होता. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावा असं वाटलं. मी किती जणांना हेच ऐकवून घरी पाठवलं?

येताना एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, तोंडाला काय लागलंय, सारखं पुसताय ते?

काही लागलेलं नाही. ओठावर काहीही नाही. मी पुसतेच आहे.

२६ डिसेंबर

हात फिरवणं बंद केलं. लोक चिडून परत गेले.

चांगुणाबाईंना बोलावून घेतलं. रंगुबाई कशी गेली ते विचारलं. म्हणाल्या, शेवटी शेवटी तिला वारासुद्धा सोसत नव्हता. तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे पडून असायची. नातवंडांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. का, म्हणून विचारलं.

“जीव लावनारं मानूस जवळ आलं की घेतंय वो. घ्यायाला काय लागतं? दोन हात आन् माया.”

हे परत कसं द्यायचं, तेही विचारलं. घेणारी जिवंत आहे तोवर माघारी जात नाही म्हणाल्या. ती गेली की मगच जातं.

बोलताना त्यांनी एकदाही ओठ पुसला नाही. मी पुसत होते. जाताना माझ्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, “बाई, लई दिस जगा.”

मला भीती वाटतेय. आजवर लिहिलं नव्हतं, आज लिहिते. मला माझी भीती नाही वाटत. संस्कृतीची वाटते.

१ जानेवारी

नवीन त्रास सुरू झालेत. खालचा ओठ जड होऊन लोंबल्यासारखा वाटतो. आरशात नीट दिसतो. जिभेला दात परके लागतात. ही दुखणी कुणाकुणाची आहेत तेही आठवत नाही. रांग मोठी होती.

संस्कृती पापी मागायला आली. नाही म्हटलं. स्कार्फ बांधून बसते. मुलीसमोर सोडत नाही.

६ जानेवारी

आज ती दोन्ही हात पुढे करून आली. मी हातावर फटका मारला. जन्मल्यापासून पहिल्यांदा. ती रडली नाही. म्हणाली, थोडंसंच घेते ना आई, अर्धं.

मग मी रडले. डावा डोळा आधीच—

मी तिला ओरडले, पुन्हा असं केलंस तर बोलणार नाही. मान हलवली तिने. हात पाठीमागे लपवले होते. बोटं दिसत नव्हती.

११ जानेवारी

ज्ञानेश्वरला फोन केला. तो अकोल्याहून पुढच्या रविवारी येईल, तिला घेऊन जाईल. सख्ख्या भावालाही खरं सांगता आलं नाही. शाळा तिकडे बरी आहे म्हटलं. रविवारपर्यंत काढायचं. मधल्या दाराला कडी. ती पलीकडे झोपते, मी इकडे.

सरांनी झोपेची गोळी दिली. घेणार नाही. झोपले आणि कडी राहिली तर—

१५ जानेवारी

काल संक्रांत. सगळे तिळगूळ घेऊन आले. मोनिका, बिभीषण, नावं न आठवणारे. सगळ्यांचे चेहरे किती छान. हसत होते. सगळे पाया पडले. सगळे म्हणाले, जगा.

चावता येत नाही. पंखा बंद. खिडकी बंद. वारा नको.

संस्कृती दारापलीकडून विचारते, आई, दुखतंय? नाही म्हणते. ती म्हणते, खोटं.

दोन दिवस. फक्त दोन—

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी नुसती टेकले होते. इतक्या रात्रींची जागी. डोळा लागला.

उठले तर वारा लागला गालाला. खिडकी उघडी होती. वारा, नुसता वारा! वीज नाही. गालावर हात ठेवला, दाबला, चिमटा काढला. काही नाही. चहा करून प्याले, बिस्किट खाल्लं. डोळा कोरडा. ओठावर काही नाही. आरशात हसून पाहिलं, दोन्हीकडून सारखी हसतेय मी. नगरचे डॉक्टर खरं बोलत होते, नसच होती, जागी झाली. वेडी मी! काय काय लिहून ठेवलंय या वहीत, भूतंखेतं. आता ज्ञानेश्वरला फोन करते, येऊ नकोस म्हणते. आज पुरणपोळी करते. संस्कृतीला पोटाशी धरून तिच्या पाप्या—

कडी. कडी मी लावली होती का? टेकण्याआधी लावली होती की—

दार उघडं आहे.

ती गॅलरीत बसलीये. माझ्याकडे पाठ. शेजारी बॉबीचा पुडा, न फोडलेला. हाक मारली. वळली नाही. हो म्हणाली, पण तोंड पूर्ण न उघडता.

हात वर जातोय तिचा. ओठ पुसतेय. पुन्हा पुसतेय.

संस्कृती इकडे तोंड कर. मी सांगतेय ना इकडे कर, आई घेते, दे, आईला दे—

नको म्हणतेय. दोन्ही हातांनी गाल झाकलेत. म्हणतेय, तू परत घेशील, हात नको लावू आई, मला काही दुखत नाही, काहीच नाही, मी मोठी झाले की—