साठीच्या घरातले आकडे

मंगळवार, ता. ९

ती. दादा,

नमस्कार. मी बरी, ठकी बरी, आणि दुकानातलं झेरॉक्सचं मशीनही कधी नव्हे ते बरं आहे. तुझा गुडघा कसा आहे? पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मी गुडघ्याचं विचारलं तर बॉयलरचं उत्तर देतोस. या वेळी मला तुझ्याकडून 'हं' नको आहे, म्हणून लिहिते आहे. हे पुरतं वाचल्याशिवाय रविवारी घरातून पाऊल टाकू नकोस.

तुझा निरोप मिळाला. "पुन्हा नापास. बास झाले तुझे खेळ. पोरगी माझ्यावर गेली, ढ आहे. रविवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. इथल्या वसतिगृहाचे मास्तर कडक आहेत, सरळ करतील." तो माझ्याआधी ठकीने वाचला. तेव्हापासून ती दोन घास खाऊन ताटावरून उठते. सामान मी बांधलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. वहिनी गेली तेव्हा पोर तू माझ्या पदरात घातलीस, तर माझं ऐकावंही लागेल.

आता खेळांबद्दल. तुला वाटतं मी लाड करते. अरे, इंटरनेटवर गणिताचं इतकं काही फुकट पडलेलं आहे, की आपल्या लहानपणी असतं तर अप्पांची छडी कोपऱ्यात वाळवी खात पडली असती. मी ते शोधते, दुकानात छापते, संध्याकाळी आम्ही दोघी फरशीवर पसारा मांडतो. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिलेत. वजा म्हटलं की ठकी धाडधाड खाली, अधिक म्हटलं की वर. खालचे शेजारी वैतागलेत. पाव कापून अपूर्णांक शिकवले, तर तीन अष्टमांश मोठा की एक द्वितीयांश हे तिने पाव तोंडात कोंबत बरोबर सांगितलं. मोबाइलवर एक बेडकाचा खेळ आहे, त्यात तर ती मला दर वेळी हरवते. ढ पोरगी हरवत नसते, दादा.

मग परीक्षेत काय होतं? बाई वर्गात फिरत तोंडी गणितं घालतात आणि हिचे आकडे भलतेच. त्यातही साठीच्या घरातले जास्त. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते म्हाताऱ्यांना, हिची बुद्धी आकड्यांच्या साठीत नाठी होते, असं मी चेष्टेत म्हणायचे. मीच हसायचे.

गेल्या आठवड्यात आम्ही हौजी खेळलो. तिकिटं मीच छापली होती. समोर बसून आकडे पुकारले, तेव्हा ठकीने दोन डाव मारले. तिसऱ्या डावाला दूध उतू जाईल म्हणून मी ओट्याशी उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून पुकारत होते. मागे वळून बघते तर 'बासष्ट'ला तिने बावन्न खोडलेलं आणि 'त्रेसष्ट'ला त्रेपन्न. मी पुन्हा समोर बसले आणि तिकीट तोंडापुढे धरून 'बासष्ट' म्हटलं. तिने पुन्हा बावन्नवर बोट ठेवलं. तिकीट खाली घेतलं, तोच आकडा म्हटला. "असं नीट सांग ना, आत्या," म्हणाली, आणि बासष्ट खोडलं.

ती माझं तोंड वाचत होती. दूध उतू गेलं ते गेलंच.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. काल तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तुला न विचारता. कारण मला भीती वाटत होती, आणि भीती तुझ्या हाताचीच होती. मागच्या खेपेला तू पाढे विचारलेस आणि पोरीच्या कानाखाली जाळ काढलास. तो आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी हाच प्रश्न केला, "कधी कानावर मार बसला होता का?" एरवी तीनदा विचारावं लागतं, हा प्रश्न मात्र तिला पहिल्या फटक्यात कळला. म्हणाली, "नाही. बाबा मारत नाहीत." माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तोंड उघडू नये. मी उघडलं. खरं ते सांगितलं. तुला राग आला तर येऊ दे.

तपासणी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर मी तुला काय काय शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. डॉक्टर आले आणि म्हणाले, मारामुळे नाही, हे जन्मापासूनचं आहे. जाडे आवाज तिला ऐकू येतात. स, ष, ट अशी बारीक अक्षरं निसटतात. 'सष्ट'मधलं बहुतेक सगळंच निसटतं. दोन्ही कानांना मशीन लावलं की फरक पडेल. पण पुन्हा हात उचलायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. ते तुझ्यासाठी होतं.

मग त्यांनी सहज विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला कमी ऐकू येतं?" मी ठसक्यात म्हणाले, "छे, कुणालाच नाही."

घरी येऊन चहा टाकला आणि हात थांबला. अप्पा आरशासमोर दाढी करत, आपल्याकडे पाठ करून आकडे घालायचे. त्यांनी बासष्ट म्हटलं की तू पाटीवर बावन्न लिहायचास. फेसाचं तोंड घेऊन ते वळायचे, "ढ रे ढ!" आणि छडी. शाळा सुटली, तू बॉयलरवर लागलास. आता टीव्ही भिंती हादरेपर्यंत लावतोस आणि आम्ही म्हणतो, बॉयलरने कान गेले.

दादा, तू ढ नव्हतास. तुला ऐकू येत नव्हतं.

रविवारी ये. पण ठकीला न्यायला नको. डॉक्टरांकडे सोमवारी दोन वेळा घेतल्या आहेत, एक तिची, एक तुझी. ठकीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बाबांनाही समोर बसून सांगायचं."

तेव्हा आल्यावर दारातून हाका मारणार नाही. समोर येऊन, तुझ्या तोंडाकडे बघून बोलेन.

तुझी
धाकटी