शिगेसकट किलो

शेणवा, १८ जानेवारी, संध्याकाळ

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेला सुट्टी लागली की मी ओटीवर बाबांशेजारी बसून तांदूळ निवडायची. बाबा शाळामास्तर. पायली जाऊन किलो नुकता आला होता आणि तो गावाला पटवायचं काम त्यांच्याकडे होतं.

शेतावरच्या बायका ऐकेनात. मजुरीचं भात पायलीने मिळायचं आणि काठावर उभी राहील तेवढी शीग, म्हणजे वरचा ढीग, त्यांची. सोनूबाई म्हणाली, "मास्तर, काट्यावर शीग कुठं लावू? ती आमी सोडायची का? नाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिलाच पायली शिगेसकट भरायला लावली आणि ते भात काट्यावर घातलं.

"शीग कशाला तोलताय?" शेताचा मालक म्हणाला.

"शिजवताना सोनूबाई शीग वेगळी काढते का?" बाबा म्हणाले.

मालक हसला, पण मजुरी तेवढ्या किलोंची ठरली. शीग धरून.

आज सोनूबाईची नात म्हणाली, "मास्तरांनी आमची शीग ठेवली, आजी सांगायची." देशाला किलो कोणी पटवला, कोण जाणे. आमच्या गावाला बाबांनी. पण सोनूबाईने विचारलं म्हणून.

लिहून ठेवते: माझ्यामागे बाबांची लोखंडी वजनं शाळेला द्यावीत, मुलांच्या हातात राहू देत. काटा सोनूबाईच्या नातीला. माझा भाऊ दिलीप कुरकुरेल, त्याला बाबांची आरामखुर्ची द्यावी.