मंगळवारपर्यंतची तब्येत

बिरोबाची वस्ती, वाळूजच्या पलीकडं,
जि. औरंगाबाद
९ मार्च १९९०

साडूभाऊ श्री. कडूबा यांस बिरू सोनाजीचा हात जोडून रामराम. चतुराबाईंस त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या बानाबाईचा, आशीर्वाद. इकडं समदी खुशाली. तुमचा दमा कसा आहे ते सविस्तर कळवावं. थंडीत वाढतो का, चालताना बसावं लागतं का, छातीत शिट्टी वाजते ती शेजारच्याला ऐकू जाते का, आणि पाचोडच्या डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का. दिलं असेल तर तो कागद जपून ठेवावा. (एवढी विचारपूस मी उभ्या जन्मात केली नव्हती हे मला कबूल आहे. पण आजारी माणसाची कदर मला आत्ता आत्ता कळाली.)

माझ्या तब्येतीचं विचाराल तर ती माझी मला परत मिळाली. मधले सतरा दिवस ती सरकारजमा होती. तुम्हाला पाचोडच्या बाजारात कुणी सांगितलंच असेल की तुमचा साडू आमदारकीला उभा राहिला. ऐकून तुम्ही हसला असाल. मीबी हसलो असतो. पण त्याचं कारण ऐका. आमच्या वस्तीवरून तळ्याला जायची मेंढरांची वाट माझ्या आज्याच्या आधीपासूनची. तिच्यावर गेल्या साली कंपनीनं भिंत घातली. आता पाणी पाजायचं तर चार मैलांचा वळसा, आणि ट्रका अशा की विचारू नका. दिवाळीपासून माझी अकरा कोकरं त्या रस्त्यावर गेली. अर्ज दिले, दरखास्ती दिल्या. (निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकल्यामुळं दरखास्त मला झकास लिहिता येते, पण ती वाचणारा आता कुणी उरला नाही.) शेवटी फकिरा म्हणाला, नाना, अर्ज करायचाच तर असा करा की त्यांना वाचावाच लागेल. हा फकिरा म्हणजे आमच्या वस्तीला लागून बौद्धवाडा आहे तिथला, कंपनीत हंगामी कामाला असतो आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्यानं सूचक म्हणून सही केली आणि मी उमेदवार झालो. चिन्हाला मी मेंढरू मागितलं. ते यादीत नव्हतं. विमान मिळालं. एस्टीत तीनदा बसलेल्या माणसाला विमान.

उभं राहिल्यावर एकेक जण विचारायला लागला की नामांतराबद्दल तुमचं काय. मोठे उमेदवार ह्या गावात एक बोलायचे आणि त्या गावात दुसरं. मला दोन बोलायचं जमत नाही. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नामांतरापायी बौद्धवाड्यावर जाळपोळीची वेळ आली तेव्हा फकिराची पोरं चार दिवस माझ्या वाड्यात मेंढरांच्या उबेला निजली होती, ते मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून चावडीवर म्हणालो की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, आजच द्या. त्यानं निम्मं गाव माझ्याशी बोलेना. न बोलू दे, मला रस्ता पाहिजे होता, गप्पा नव्हत्या.

मग रामकिसन आला. हा एका मोठ्या पक्षाचा कार्यकर्ता, अंगावर खादी आणि पायात सदा बूट. म्हणाला, अर्ज मागं घ्या, निवडून आल्याबरोबर पहिलं काम तुमच्या वाटेचं. मी व्हय म्हणालो. (मला खरंच वाटलं. हसू नका.) मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाराला त्याची उघडी जीप वस्तीवर आली. तीनच्या आत कचेरीत कागद द्यायचा होता. आणि नेमकी त्याच वक्ताला माझी कबरी मेंढी अडली. आता तुम्हीच सांगा, अडलेली मेंढी टाकून कुठला धनगर उठंल? रामकिसन घड्याळ बघतोय, डायव्हर हॉर्न वाजवतोय, त्या हॉर्ननं कबरी आणखीच बिथरतेय. दीडला कोकरू मोकळं केलं. हात धुऊन निघणार तर पोटात दुसरं. ते उलटं होतं. त्याला सव्वादोन झाले आणि ते गारठून निपचित पडलं, म्हणून माझ्या घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तसाच जीपमध्ये बसलो. कचेरीत पोचलो तर तीन वाजून दहा मिनिटं. साहेबांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. रामकिसननं कपाळाला हात लावला. कोकरू तेवढ्यात ओरडलं, म्हणजे ते जगलं. मी खूश झालो, आणि कचेरीत खूश झालेला मी एकटाच.

घोंगडी कोकराला आणि वारं मला. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी छाती भरली. बानाबाईनं बिरोबाला नवस बोलला. मी नवस ऐकला आणि घाबरलो, कारण ती उगाच नवस बोलत नाही. खरं सांगतो कडूबा, त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली, आणि मेंढरं कोण बघंल ह्याची त्याहून जास्त. आणि तेवढ्यात दारात दोन जीपा उभ्या राहिल्या. एक रामकिसनची आणि दुसरी त्याच्याविरुद्धच्या पक्षाची. पोलीस शिपाई आला, डॉक्टर आला. तेव्हा फकिरानं मला कानात सांगितलं की कायदा असा आहे, मतदानाच्या आधी एकबी उमेदवार मेला, मग तो अपक्ष का असेना, तर अख्खी निवडणूक रद्द आणि समदं पहिल्यापासून. भिंती रंगवून झालेल्या, जीपा लावलेल्या, माणसं जेवू घातलेली, समदं मातीत जाणार. म्हणजे मला निवडून द्यायची कुणाला गरज नव्हती, पण मंगळवारच्या मतदानापर्यंत मी मरू नये अशी साऱ्या मतदारसंघाची इच्छा होती.

मग काय थाट विचारता. खाट आली, गादी आली, दोन्हीकडून दूध यायचं. (दोघांचंबी पीत होतो, कुणाला दुजाभाव नाही.) एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं माझ्या उशापायथ्याला बसून माझा खोकला मोजायचे. डॉक्टर म्हणाला, ह्यांच्या मनाला घोर कसला आहे तो आधी काढा. मी म्हणालो, मेंढरं तहानेनं ओरडली की छातीत धडधड होते. दुपारच्या आत कंपनीचं गेट उघडलं. संध्याकाळी माझी शंभर मेंढरं साहेबांच्या फुलझाडांमधून तळ्याला गेली आणि रामकिसन बूट घालून त्यांच्या मागं. खाटेवर पडल्या पडल्या मी घंट्या ऐकल्या आणि मला रडू आलं. तापानं आलं असं मी त्यांना सांगितलं.

ताप खरा म्हणाल तर पाच दिवसांतच उतरला होता. पण गेट किती दिवस उघडं ठेवायचं अशी कुजबूज कानावर आली की मला खोकला यायचा. बानाबाई सगळं ओळखून होती. एकदा रामकिसन तिला म्हणाला, मावशी, नानांना जपा, आम्हाला त्यांची लई काळजी. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली,

"मंगळवारनंतरबी ह्यो माणूस जगावा असं हितं कुणाला वाटतंय? मला एकटीला."

 त्यापुढं दिवसभर मला खोकला आला नाही.

मंगळवारी मतदान झालं. पाचला पेट्या बंद झाल्या, सहाला शिपाई गेला, सातला माणसं येऊन माझ्याखालची खाट घेऊन गेली. मी उठून उभा राहिलो होतो म्हणून बरं. पण खोटं कशाला बोलू, जीव हलका झाला. कुणी नाडी बघत नाही, कुणी जिभेवर बत्ती पाडत नाही. घोंगडी अंथरून बानाबाईशेजारी बसलो आणि दोघांनी मिळून चटणीभाकरी खाल्ली. निवडून आलो नाही ह्याची तर फारच खुशी आहे, नाहीतर मुंबईला मेंढरं कुठं चारली असती? मतं पडली दोनशे सात. आमच्या वस्तीची सगळी मिळून साठ होत नाहीत. बाकीची कुठली म्हणून फकिराला विचारलं, तर तो म्हणाला, नाना, चार दिवस पोरं निजवली होती ना, त्याची.

चतुराबाईंना आणि पोराबाळांना आमची आठवण सांगावी. कळावं.

आपला साडू,
बिरू सोनाजी
(उमेदवार, निवृत्त)

ता. क. कंपनीचं गेट बुधवारी उघडं होतं. मला वाटलं, माणसं इमानी निघाली. गुरुवारी बंद. बुधवारी गेटवरचा शिपाई लावायला विसरला होता म्हणे. आता मेंढरं परत चार मैलांच्या वळशानं जातात. काल एक कोकरू ट्रकखाली जाता जाता वाचलं. त्या दिवशी घोंगडीत गुंडाळून कचेरीत नेलेलं, तेच ते.

ता. क. २. मी पुन्हा उभा राहतो म्हणून रामकिसनला दम दिला. त्यानं मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, नाना, खुशाल राहा उभे. त्याचं खरं आहे, दोन पक्षांचं दूध पिऊन मी असा ठणठणीत झालोय की डॉक्टर अजून पंधरा वर्षं सांगतो. माझ्या तब्येतीला आता काडीची किंमत उरली नाही.

ता. क. ३. फकिरा म्हणतो, दिल्लीचं सरकार डळमळतंय, तिकडची निवडणूक कधीबी लागंल, आणि तिला कुठल्याबी गावचा मतदार कुठूनबी उभा राहू शकतो. पाचोडचाबी. तेव्हा साडूभाऊ, दम्यावर तूर्त नवीन औषध सुरू करू नये, आणि डॉक्टरचा तो कागद घेऊन पाडव्याला इकडं यावं. चतुराबाईंना काही सांगू नये. मतदानापर्यंत तुम्हाला कुणी मरू देणार नाही. आणि त्यानंतरचं दूध बानाबाई देणार आहे, असं तिनं स्वतः लिहायला सांगितलंय.