बाबांच्या खिशातली स्पॅनिश

प्रिय आई,

परवा बाबा येतायत. इकडे, स्पेनला, वालेन्सियात. आणि एकटे! मला त्या दिवशी रजा मिळाली नाही, म्हणून विमानतळावरून मेट्रो पकडून नऊ-दहा स्टेशनं त्यांनी एकट्यानं यायचंय. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास. "अरे, ज्याला अर्नाळ्याच्या एसटीत तिकीट मागता येत नाय, त्याला परदेशात एकटा सोडतोस?"

खरं आहे. पण आई, रागावू नकोस, यात थोडा दोष तुझाही आहे. आपल्यात मासळी आणायची पुरुषानं आणि विकायची बाईनं. बाबा बोटीवरून उतरले की त्यांचं काम संपलं. पुढचा भाव, घासाघीस, भांडण, सगळं तुझ्या तोंडावर. विरारच्या बाजारात गुजराती बाई आली की तू गुजरातीत सुरू, बिहारी आला की हिंदीत. आधी त्याच्या पोराबाळांची चौकशी, मग पापलेट. दवाखान्यातसुद्धा डॉक्टर बाबांना विचारायचे, "कुठे दुखतंय?" आणि उत्तर तू द्यायचीस! आयुष्यभर त्यांच्या वाट्याचं तूच बोललीस. मग तू गेल्यावर त्यांनी काय करायचं?

गेलं वर्षभर फोनवर दोनच शब्द यायचे. "हां" आणि "बरं." म्हणून मीच म्हटलं, इकडे या महिनाभर. तीन वेळा नाही म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, "भाषा नाय रे येत." मी म्हटलं, मी लिहून देतो.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मी काय लिहून देणार? मोबाइलवर प्रवाशांसाठी एक व्हिडिओ होता, त्यातली वाक्यं देवनागरीत उतरवली आणि फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. स्वतःहून!

"नित्या, यात लिवलंय, खिडकीजवळचं टेबल मिळेल का. हे मी कोनाला विचारू?"

मग तो कागद फाडला आणि त्यांना लागेल तेवढंच लिहिलं. नमस्कार म्हणजे 'ओला'. 'पोर फाबोर' म्हणजे कृपा करून, ते प्रत्येक वाक्याला जोडायचं. 'ग्रासिआस' म्हणजे आभार. समजलं नाही तर 'नो एन्तिएन्दो', हळू बोला म्हणायचं तर 'मास देस्पासिओ'. स्टेशन कुठे आहे? 'दोन्दे एस्ता ला एस्तासिओन?' आणि अगदीच हरवले तर एका जागी उभं राहून सांगायचं, मुलाची वाट बघतोय: 'एस्पेरो आ मि इखो'.

रोज संध्याकाळी फोनवर घोकून घ्यायचो. ते कुजबुजायचे.

"मोठ्यानं बोला ना बाबा!"

"शेजारी ऐकतील. म्हनतील, म्हाताऱ्याला येड लागलं."

हसले, आई! तू गेल्यापासून पहिल्यांदा हसताना ऐकलं.

गेल्या रविवारी सगळी वाक्यं न अडखळता म्हणाले. मी खूश. ठेवू का फोन, विचारलं, तर म्हणाले, "एक ऱ्हायलं. कोनी विचारला, बायको कुठंय, तर काय सांगायचा?"

म्हटलं, विचारून सांगतो.

आता जे लिहितोय त्याची मला लाज वाटते. मी जिथे मासे साफ करतो त्या हॉटेलात कार्मेन नावाची मोठी आचारीण आहे, तुझ्याच वयाची. पहिल्या दिवसापासून कामाला लागताना विचारते, 'के ताल तु माद्रे?' आई कशी आहे? मी म्हणायचो, 'मुइ बिएन'. एकदम छान. हे मी इथे शिकलेलं पहिलं उत्तर. तू गेलीस तेव्हा माझी कागदपत्रं अडकलेली, येता आलं नाही. तुझी शेवटची यात्रा मोबाइलवर बघितली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. कार्मेननं विचारलं. मी म्हटलं, मुइ बिएन. तेव्हापासून रोज तेच म्हणत आलो. वर्षभर तुला तिकडे बरी ठेवली. शब्द येत नव्हते म्हणून की म्हणायचंच नव्हतं, मला अजून कळत नाही. तुला काय वाटतं?

सोमवारी तिच्यासमोर कागद ठेवला आणि मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, माझ्या वडिलांना सांगता यायला हवं, की बायको वारली, ते कसं म्हणायचं?

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. हातातलं फडकं माझ्या पाठीत मारलं, एकदा, जोरात. नंतर स्टुलावर बसली, डोळे पुसले आणि ते वाक्य मला दहा वेळा म्हणायला लावलं. 'मि मुखेर मुरिओ.' मग बोट माझ्याकडे केलं. आता तुझं म्हण. मी म्हटलं. 'मि माद्रे मुरिओ.' माझी आई वारली. आई, मोठ्यानं म्हटलं. भटारखान्यातले सगळे थांबले होते.

त्याच रात्री बाबांना त्यांचं वाक्य पाठवलं. त्यांनी ते कागदावर उतरवून खमिसाच्या खिशात घातलंय. म्हणाले, "हे घोकायला नको. ऱ्हाईल ध्यानात."

बाबा आले की पहिल्या रविवारी कार्मेनकडे जेवायला जायचंय. ती विचारणार, तुझ्याबद्दलच विचारणार. मी तुला शब्द देतो, मी मधे तोंड घालणार नाही. बाबा अडखळले, चुकले, थांबले, तरी मी जेवत राहीन. तू कशी होतीस हे त्यांनाच सांगू दे.

तुझा,
नित्या